यमाईचा डावा डोळा

बाबांची नोकरी गेली त्याच आठवड्यात आईला यमाईच्या डाव्या डोळ्याशी रंगाचा पोपडा सुटलेला दिसला, आणि त्यानंतर आमच्या घरात या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत असं कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहत होतो, एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या टाउनहाउसच्या रांगेत. बाबा सॉफ्टवेअरमध्ये होते आणि व्हिसा कंपनीच्या भरवशावर होता, त्यामुळे नोकरी गेली की तोही गेल्यात जमा. लवकर दुसरी मिळाली नाही तर सामान विकून परत जायचं, एवढं मला सोळाव्या वर्षी व्यवस्थित कळत होतं, कारण भिंती पुठ्ठ्याच्या होत्या आणि मी अभ्यासाला बसले आहे असं समजून आईबाबा बिनधास्त बोलत. बाबा दिवसभर डायनिंग टेबलापाशी फोन घेऊन बसायचे. फोनवरचा त्यांचा आवाज वेगळाच असे, गुळगुळीत, हसरा, 'शुअर, शुअर, अ‍ॅब्सोल्यूटली' करणारा. फोन ठेवला की ते टेबलावर बोटं वाजवायचे. त्या बोटांच्या आवाजावरूनच आई काय ते ओळखायची आणि काही न विचारता कुकरकडे वळायची. त्या हिवाळ्यात आम्ही मुगाची खिचडी इतक्या वेळा खाल्ली की अजूनही तिचा वास आला की मी खिडकी उघडते. घरात कुणी आजारी नसताना रोज खिचडी होत असेल, तर ते घर घाबरलेलं आहे असं खुशाल समजावं.

यमाई आमची कुलदेवी. तिचं चित्र बाबांच्या आजोबांच्या एका मित्राने काढलेलं. तो साताऱ्याकडे एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. कॅनव्हासवरचं तैलचित्र, वर्तमानपत्राच्या उघड्या पानाएवढं. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि डोळे असे की खोलीत कुठेही बसा, तिचं लक्ष आपल्याकडेच. मला चोरून बिस्किट खायचं असलं की मी जिन्यात जाऊन खायचे. थोरल्या काकांच्या मुंबईच्या फ्लॅटमध्ये एवढ्या मोठ्या देवीला जागा होईना, म्हणून ती रजईत गुंडाळून आमच्याबरोबर अमेरिकेला आली. इथे येऊन बॅग उघडली तर काच फुटलेली. चित्राला मात्र ओरखडा नाही. आईने तो चमत्कारच मानला, एकेक काच वेचून काढली, आणि नवी काच बसवायचं काम बाबांनी पुढच्या वीकएंडवर टाकलं. तो वीकएंड काही उगवला नाही. काच होती तोवर कुंकू काचेवर लागायचं; आता आई ते थेट देवीच्या कपाळाला लावू लागली. कोरडं कुंकू रंगावर ठरेना. तिच्या माहेरी बायका आधी मेणाचं बोट लावून त्यावर कुंकू टेकवत. इथे तसलं मेण कुठून आणणार, म्हणून आईने व्हॅसलीन घेतलं. दर शुक्रवारी आणि सणावारी आधी व्हॅसलीन, मग हळद, मग कुंकू. हे वाक्य लिहिताना माझे मलाच डोळे मिटावेसे वाटले. आज मी ज्या व्यवसायात आहे तिथे हे कुणाला सांगितलं तर माणसं मटकन खाली बसतील. पण तेव्हा आम्हाला सगळ्यांना ती युक्ती फार छान वाटली होती.

त्या शुक्रवारी आईने बोट टेकवलं आणि कपाळावरचा तो जाड थर भुवईपर्यंत एकदम हलला. त्याच्या ओढीने डाव्या डोळ्याच्या कडेचा रंग पापुद्र्यासारखा वर उचलला गेला होता.

"अहो, जरा इकडे या."

"कॉल यायचाय माझा."

"देवीचा डोळा सुटतोय."

बाबा आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी जवळून पाहिलं. "हवा कोरडी आहे. हीटरने होतं. माझे ओठ बघ कसे फुटलेत."

"तुमचे ओठ आणि देवीचा डोळा सारखे का?"

"अगं, मी म्हणतोय की अपशकुन वगैरे काही नसतं."

"मी कुठे म्हटलं अपशकुन?" आई म्हणाली. तिने म्हटलं नव्हतंच. पण एकदा तो शब्द घरात पडल्यावर कोण उचलणार? दुसऱ्या दिवशी तिळाएवढा एक तुकडा खाली पडला. आईने तो ओल्या बोटाने टिपून कुंकवाच्या करंड्यात ठेवला आणि दिवसभर येताजाता करंडा उघडून बघत राहिली. मला तिचा राग येत होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मी शाळेतून आल्यावर जॅकेटसुद्धा न काढता आधी डोळा बघायचे आणि मग बाबांचा चेहरा.

भिंतीपलीकडे उर्सुलाबाई राहायच्या. मी त्यांना उर्सुलाच म्हणायचे, पण आईला एवढ्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारवेना, म्हणून उर्सुलाबाई. ओळख झाली ती आमच्या स्मोक अलार्ममुळे. आईने धूप घातला की अलार्म बोंबलायचा, आणि आम्ही नवीन असताना एकदा ही उंच, पांढऱ्या केसांची बाई आग विझवायचा लाल सिलिंडर काखेत मारून दारात येऊन उभी राहिली. आग नाही हे कळल्यावर घरी जायचं सोडून आत आली आणि थेट यमाईसमोर. बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "आईला सांग, काच लाव आणि ते लावणं बंद कर." आईने हसून मान डोलावली आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा लावलं. उर्सुलाबाई जर्मन. कलेच्या इतिहासात डॉक्टरेट, पण नुसतं चित्रांबद्दल लिहून त्यांचं भागेना, म्हणून खराब झालेली जुनी चित्रं दुरुस्त करण्याचं काम शिकल्या. शिकागोतल्या एका मोठ्या संग्रहालयात त्यांनी जन्म काढला आणि निवृत्त होऊन आमच्या शेजारी आल्या. आमच्याकडच्या थालीपिठावर त्यांचा भारी जीव. त्या आमच्यासाठी प्लमचा केक आणायच्या आणि आई दर वेळी मला हळूच विचारायची, यात अंडं आहे का. अर्थात असायचं. मी नाही म्हणायचे.

डोळ्याचं कळल्यावर त्या आल्या, भिंग लावून बघितलं आणि सांगितलं की हे माझं काम नाही, शहरात एक-दोघे आहेत त्यांच्याकडे न्या. का, असं मी विचारलं. तुमचंच तर काम आहे. तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसून जे सांगितलं ते मी आईसाठी मराठीत सांगत गेले. त्यांचं इंग्रजी कणखर आणि तुटक, आईचं नुसतंच तुटक, आणि दोघींच्या मध्ये मी.

तरुणपणी, शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या असताना, त्यांच्याकडे एका गावातल्या चर्चचं चित्र आलं. मेरीचं. वरचं जुनं वार्निश पिवळं पडलेलं. ते उतरवायचं म्हणजे काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटात बुडवायचा आणि अगदी हलक्या हाताने फिरवायचा. कापसावर पिवळं येतंय तोवर ठीक. ओठांपाशी आल्यावर बोळ्यावर गडद लाल आलं. चित्रकाराने शेवटी ओठांवर लाल रंगाचा एक पातळ हात दिला होता, तो त्या एका बोळ्यात निघून गेला. "कुणाला कळलं नाही," उर्सुलाबाई म्हणाल्या. "माझ्या प्रोफेसरांनी पाठ थोपटली, किती स्वच्छ झालंय म्हणून. चित्र परत लावलं त्या रविवारी पुढच्या बाकावरची एक म्हातारी मला म्हणाली, ही आजारी आहे का?"

त्यानंतर त्या जर्मनीत राहिल्या नाहीत. शिकागोत आल्यावर त्यांनी आकाशं केली, ढग केले, कपड्यांच्या चुण्या केल्या, कॅनव्हासच्या मागची बाजू केली. चेहरा आला की तो सहकाऱ्याकडे सरकवायचा. ढगांवर त्यांनी लेख लिहिले, परिषदांत भाषणं दिली, मोठं नाव झालं. लोकांना वाटायचं यांना ढग फार आवडतात. इतक्या वर्षांत एकाही चेहऱ्याला हात लावला नाही आणि आता म्हातारपणी लावणार नाही, असं सांगून त्यांनी थालीपिठाचा शेवटचा तुकडा लोण्यात घोळवला.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली. "मग सांग त्यांना, मीच चिकटवते. तुझ्या शाळेचा पांढरा गोंद आहे ना, चांगला घट्ट बसतो."

मी सांगितलं. उर्सुलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आई मुद्दाम म्हणाली की खरंच तसं करणार होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. "उद्या सकाळी घेऊन या," त्या म्हणाल्या. "आणि तो गोंद आताच्या आता माझ्याकडे द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पार पश्चिम किनाऱ्याकडच्या रेडमंडच्या एका कंपनीने बाबांचा फोनवर इंटरव्ह्यू ठेवला होता. आई डोक्यावरून न्हाली, ठेवणीतली साडी नेसली, वर ते अवाढव्य हिवाळी जॅकेट चढवलं आणि यमाईला चादरीत घेऊन निघाली. जाताना बाबांना म्हणाली, "तुम्ही तुमचं बघा, मी माझं बघते." उर्सुलाबाईंची कामाची खोली आमच्या डायनिंगच्या बरोबर पलीकडे होती, त्यामुळे सगळा वेळ भिंतीतून बाबांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, नुसता तो गुळगुळीत सूर. आईचं अर्धं लक्ष तिकडे, अर्धं टेबलावर.

उर्सुलाबाईंनी समजावलं. डोळा चिकटवायचा तर आधी कपाळावरचा तेलकट थर काढायला हवा. तो आहे तोवर रंग ओढला जाणार आणि चिकटवायचा सरस धरणार नाही. मग त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, तोंडात घातला, जिभेवर नीट फिरवला आणि यमाईच्या कपाळाकडे नेला.

आईने त्यांचं मनगट पकडलं. "अगं मने, उष्टं! उष्टं आहे ते!"

उष्टं हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हणाले, हिला थुंकी चालत नाही. उर्सुलाबाईंना आधी कळेचना. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की थुंकीइतकं सौम्य आणि मळ अलगद सोडवणारं दुसरं काही नाही, जगभर सगळे हेच वापरतात, मेरीलासुद्धा हेच वापरतात.

"मेरीला चालत असेल," आई म्हणाली. "हिला नाही चालत."

मी आज रोज तीच थुंकी वापरते. चित्रांतल्या किती जुन्या श्रीमंत लोकांची नाकं मी माझ्या थुंकीने पुसली आहेत त्याची गणती नाही, आणि दर वेळी क्षणभर आईचा हात मनगटावर आल्यासारखा वाटतो. पण तेव्हा मला आईची लाज वाटली आणि मी उर्सुलाबाईंकडे 'काय करणार' अशा अर्थाने बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी नवा कापूस घेतला आणि कोमट पाण्यात बुडवला.

पाणी व्हॅसलीनवरून ओघळून गेलं. दोन-चार वेळा केलं, नुसता फिकट गुलाबी डाग आला आणि थर जिथल्या तिथे. शेवटी त्यांनी उठून खिडकी किलकिली केली आणि स्पिरिटाची बाटली उघडली. त्यांचे ओठ एकमेकांवर घट्ट दाबलेले होते. स्पिरिटाने थर भराभर सुटायला लागला. लाल, पिवळा, लाल. बोळे बशीत साठत गेले. कडेने देवीची खरी कांती दिसू लागली, गव्हाळ, उजळ, आणि मला एकदम हुरूप आला. भुवई मोकळी झाली. डोळ्यावरचा ताण गेला तो आम्हाला सरळ दिसला, उचललेला पोपडा किंचित खाली बसला. राहिला होता कपाळाच्या मधला भाग. उर्सुलाबाईंनी तिथे बोळा फिरवला, पुन्हा फिरवला. बोळ्यावर जरा गडद लाल आलं. त्याखाली फक्त कोरी गव्हाळ कांती होती.

त्यांनी हात मागे घेतला. बोळा दिव्याखाली धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग काडी बशीत ठेवली, डोक्यावरचं भिंग काढलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. पलीकडे बाबा हसल्याचा आवाज आला.

"मॅनी," त्या म्हणाल्या. मनीषा त्यांना जमायचं नाही. "तुझ्या आईला विचार. चित्रकाराने इथे काही रंगवलेलं होतं का? ही खूण? नीट आठवून सांगू दे. असेल तर मी इथेच थांबते. डोळ्याला मी हात लावणार नाही."

मला काहीच आठवत नव्हतं. आधी काचेवर कुंकू असायचं, मग हा थर. खालचं कपाळ मी कधी पाहिलंच नव्हतं. मी आईकडे वळून विचारलं.

आई कपाळाकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती. "चंद्रकोर होती," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगताना असतो तसा. "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी काच पुसायला दिली होती. सुरेख चंद्रकोर होती. मी त्यांना थुंकी लावू दिली असती तर राहिली असती." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना सांग, नव्हती. कपाळ कोरंच होतं. रोज कुंकू लावायचं म्हणून मास्तरांनी कोरं ठेवलं होतं, असं सांग."

"आई."

"सांग म्हणते ना. डोळा पडेल गं."

मी सांगितलं. अगदी मास्तरांसकट. उर्सुलाबाईंनी माझं बोलणं ऐकलं, पण बघत होत्या आईकडे. आईही त्यांच्याकडे बघत होती. दोघींपैकी कुणी मान हलवली नाही. मग उर्सुलाबाईंनी भिंग पुन्हा डोक्यावर चढवलं आणि छोट्या शेगडीवर सरसाची वाटी ठेवली. थोड्या वेळाने खोलीत वास पसरला. आईने नाक मुरडून मला विचारलं, "कसला गं सरस?"

मी विचारलं आणि आईला सांगताना घाबरले. "माशाचा."

आमच्या घरात मासळी कधी शिरली नव्हती. आईने एकदा डोळे मिटले, उघडले. "लाव म्हणावं," ती म्हणाली.

केसाएवढ्या ब्रशाने उर्सुलाबाईंनी पोपड्याखाली सरस सोडला, वर पातळ कागद ठेवून बोटाच्या उबेने दाबत राहिल्या. करंड्यातला तिळाएवढा तुकडा चिमट्याने उचलून जागेवर बसवला. काम संपलं तेव्हा पलीकडचा आवाज केव्हाच थांबला होता आणि ते आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. यमाईने डाव्या डोळ्याने आमच्याकडे बघितलं. मी रडले.

बाबांना ती नोकरी मिळाली. आम्ही रेडमंडच्या पावसात राहायला गेलो आणि आई ते श्रेय आजही डोळ्याला देते. उर्सुलाबाईंनी त्यानंतर घरच्या घरी काम सुरू केलं, छोट्या चर्चमधली आणि लोकांच्या घरातली चित्रं, आणि ती बहुतेक चेहऱ्यांचीच. सुट्ट्यांत मी त्यांच्याकडे जाऊन राहायचे. या कामाचं मला जे काही येतं त्याचा पाया तिथला. त्या गेल्या तेव्हा खोलीत कुणा अनोळखी आजोबांचं अर्धं साफ केलेलं चित्र टेबलावर होतं. त्या आजोबांच्या कुटुंबाने ते मला पुरं करायला दिलं.

ते करताना माझ्या डोक्यात जे आलं ते आधीच कसं आलं नाही याचं मला नवल वाटतं. कुंकू पाण्यानेही गुलाबी सुटतं. चित्रकाराचा लाल पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटाने येतो, आणि येतो तेव्हा वेगळाच दिसतो, गडद, तपकिरीकडे झुकणारा. शिकाऊ पोरालासुद्धा फरक कळतो. आणि उर्सुलाबाईंनी तो बोळा दिव्याखाली उलटसुलट करून बघितला होता. म्हणजे विचारायच्या आधीच त्यांना कळलेलं होतं.

हे मी आईला फोनवर सांगितलं. आता ती सत्तरीत आहे, ऐकायला थोडं कमी येतं, म्हणून मला दोनदा सांगावं लागलं. मला वाटलं तिला धक्का बसेल.

"त्यांना कळलं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं," आई म्हणाली. "नाहीतर एवढी शिकलेली बाई आपल्याला विचारेल कशाला? कुणीतरी 'नव्हती' म्हणायला हवं होतं, मी म्हटलं."